मावशीने गिळलेले मूग

माझी मावशी कुणालाही त्याच्या नावाने हाक मारत नसे. नवं माणूस समोर आलं की दोन-चार दिवस ती त्याच्याकडे नुसतं बघायची, आणि मग खाण्यातलं एखादं नाव त्याला चिकटवून टाकायची. एकदा चिकटलं की ते निघत नसे. आमच्या खालच्या मजल्यावरचा शिंपी तुपात तळला, साखरेत घोळला तरी कडूच राहणारा, म्हणून तो कारलं. घरमालकीण गोड बोलून गळा कापायची, ती पाक. मला एकदा गणितात शून्य मिळालं, तर पुढची दोन वर्षं मी घरात भोपळा होते. रागावून उपयोग नव्हता. मी रागावले की ती म्हणायची, "बघा, भोपळ्याला फोडणी बसली."

ही जीभ तिला आजोबांकडून मिळालेली. आजोबा एका मोठ्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात आचारी होते. भट्टीपुढे घामाघूम होऊन माणसं जे बोलतात, ते सगळं ते संध्याकाळी घरी घेऊन यायचे. खुशामत म्हणजे लोणी. चुगली म्हणजे तिखटमीठ. स्तुतीने फुगलेला माणूस म्हणजे हरभऱ्याच्या झाडावर चढलेला, आणि कामावरून काढलेला म्हणजे नारळ मिळालेला. दोनशे पोरांना जेवू घालणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या घरात खायला थोडं असायचं आणि बोलायला पुष्कळ. "पोटात नसलं की तोंडात येतं," असं मावशीच एकदा म्हणाली होती. हसत म्हणाली होती.

मावशीचं लग्न अकरा महिने टिकलं. नवऱ्याबद्दल ती एवढंच सांगायची, "नासका निघाला, टाकून दिला." खरं म्हणजे टाकलं त्याने होतं. पुढे माझे वडील गेले, आणि ती आमच्याकडे राहायला आली की आम्ही तिच्याकडे, हे कधी नीट ठरलं नाही. दोन खोल्या, तीन बायका. ती आणि आई, दोघी सख्ख्या बहिणी, एकाच लॉन्ड्रीत कामाला जायच्या.

लॉन्ड्री म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड होती. हॉटेलं आणि दवाखाने यांच्या चादरी, टॉवेल, पडदे तिथे गाठोड्यांनी यायचे. एका टोकाला धुण्याची यंत्रं, मधे पिळण्याची, आणि दुसऱ्या टोकाला रोलर. रोलर म्हणजे इस्त्रीचं अवाढव्य यंत्र. वाफेने तापलेले जाडजूड लोखंडी दंडगोल एकमेकांवर फिरत राहायचे. अलीकडून दोघींनी ओली चादर ताणून आत सरकवायची, पलीकडून ती कोरडी, कडक, भाजल्या सुताचा वास घेऊन बाहेर यायची. चादरीचं एक टोक आईच्या हातात, दुसरं मावशीच्या. अशी अठरा वर्षं.

शेडमधल्या प्रत्येकाला मावशीने नाव दिलं होतं. मालक हळू आवाजात बोलायचा आणि त्याच्या वतीने सुपरवायझर ओरडायचा, म्हणून सुपरवायझर झाला किटली. चहापेक्षा किटली गरम. मालक स्वतः गाजर. पगारवाढ, पंखे, बसायला बाकं, सगळं तो दाखवायचा, द्यायचा काहीच नाही. बायका ओल्या चादरींमागे तोंड लपवून हसायच्या. त्या उकाड्यात दहा तास उभं राहायचं तर हसायला काहीतरी हवं होतं, आणि ते मावशी पुरवायची. तिला तिथे मान होता तो याच गोष्टीचा.

मग एक दिवस नवा मेकॅनिक आला. चाळिशीचा, उंच, किंचित वाकलेला. हातात हत्यारांची पेटी. त्याने आल्या आल्या सगळ्यांना आपलं नाव सांगायचा प्रयत्न केला. पहिलं अक्षर त्याच्या तोंडात अडकलं. तो पुन्हा मागे गेला, पुन्हा अडकला. मान झटकली, डोळे मिटले, आणि तरीही शब्द येईना. शेडमधली सगळी बायामाणसं उभी राहून वाट बघत होती.

मावशी म्हणाली, "राहू दे रे बाबा. लिंबूटिंबू आहेस तू. खेळात घेऊ, पण राज्य येणार नाही तुझ्यावर."

लहानपणी खेळात एखादं अगदी छोटं पोर असतं ना, जे घरी आईला सांगेल म्हणून घ्यावं लागतं. ते पळतं, ओरडतं, पण ते बाद झालं काय आणि न झालं काय, कुणी मोजत नाही. तो लिंबूटिंबू. शेड हसून लोटपोट झाली. तोही हसला. सुटका झाल्यासारखा हसला, असं आई सांगायची. संध्याकाळपर्यंत त्याचा टिंबू झाला होता.

तो टिंबूच राहिला. अकरा वर्षं. हजेरीच्या वहीत त्याचं खरं नाव असणार, पण ती वही किटलीच्या कपाटात असायची. पुढे पुढे तो स्वतःच "टिं-टिंबू बोलतोय" म्हणून फोन उचलायचा. आमच्या घरीही तो टिंबूच. आमचा पंखा दुरुस्त करायला तो आला तेव्हा मीही, त्याच्या निम्म्याहूनही कमी वयाची मुलगी, "टिंबू, चहा घेणार?" असंच विचारलं होतं, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

माणूस चांगला होता. वाफेच्या मोठ्या पाइपाला लागून त्याने एक लांब फळी ठोकली आणि सगळ्यांचे डबे तिच्यावर ओळीने ठेवायला लागला. त्यामुळे दुपारी त्या बायकांना गरम खायला मिळू लागलं. मावशीचा डबा तो मधोमध ठेवायचा, कारण तिथे पाइप सगळ्यात जास्त तापायचा. हे आईच्या लक्षात आलं होतं. मावशीच्या आलं नसेल, असं मला वाटत नाही.

तिसऱ्या की चौथ्या वर्षी, एकदा जेवणाच्या सुट्टीत तो तिच्यापाशी येऊन उभा राहिला. म्हणाला, "तु-तुम्ही एकट्या. मी-मीही—" आणि तिथे अडकला. आजूबाजूला आठ-दहा जणी बसलेल्या. तो तसाच उभा. कपाळावर घाम.

मावशी म्हणाली, "अरे, शिजेपर्यंत दम धरलास, आता निवेपर्यंतही धर की!"

पुन्हा हशा. त्याने मान हलवली, हसला, आणि हत्यारांची पेटी उचलून निघून गेला. तो विषय त्याने परत काढला नाही. "मला कळलं होतं तो काय म्हणत होता ते," मावशीने मला फार नंतर सांगितलं. "पण जीभ आधी सुटली गं. ती नेहमीच आधी सुटायची."

आता पुढचं सांगते. ते सांगायला मला आवडत नाही.

रोलरच्या तोंडाशी, दंडगोलांच्या अगदी अलीकडे, एक आडवी दांडी असते. चादर सरकवताना हात चुकून फार आत गेला तर तो आधी त्या दांडीला लागतो, आणि दांडी दबली की यंत्र तिथल्या तिथे थांबतं. थांबायला हवं. त्या वर्षी टिंबूच्या लक्षात आलं की दांडी दाबल्यावर कधी यंत्र थांबतं, कधी थांबत नाही. आतला स्विच झिजला होता. त्याने किटलीला सांगितलं. नवा स्विच येईपर्यंत रोलर बंद ठेवावा लागेल, असं सांगितलं. म्हणजे सांगायला त्याला पाच मिनिटं लागली. किटली म्हणाला, "तीन हॉटेलांचा माल पडलाय. डोकं खाऊ नकोस, टिंबू. बघू पुढच्या आठवड्यात."

मग तो जेवणाच्या सुट्टीत बायकांकडे आला. "दां-दांडीवर भ-भरवसा ठेवू नका," म्हणाला. "स्वि-स्विच गेलाय."

मावशी म्हणाली, "आधी तुझ्या जिभेचा स्विच बदल, मग दांडीचा बघू."

आईसुद्धा हसली. आईने हे मला स्वतः सांगितलं. "मीसुद्धा हसले," असं ती दोनदा म्हणाली.

त्यानंतर चौथ्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास, दवाखान्याच्या चादरी चालल्या होत्या. एका चादरीची कड उसवली होती आणि तिचा लोंबता धागा आईच्या बोटाभोवती गुंडाळला गेला. चादर आत गेली, तिच्यामागून हात गेला. दांडी दबली. यंत्र थांबलं नाही. दुसरं टोक मावशीच्या हातात होतं. ती ते मागे ओढत राहिली. जिवाच्या आकांताने ओढत राहिली, पण लोखंडापुढे तिचं काय चालणार.

टिंबू शेडच्या दुसऱ्या टोकाला होता. तो धावत आला, मेन स्विच पाडला, आणि रोलर उलटा फिरवायची लोखंडी दांडी लावून सगळं अंग टाकून तो मागे फिरवला. त्याचा डावा हात कोपरापर्यंत तापलेल्या पत्र्याला टेकलेला होता. तो त्याने काढला नाही. आईचा हात सुटेपर्यंत काढला नाही.

आईच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी राहिली, पण तळवा असा आकसला की त्या दोघांची कधी गाठ पडली नाही.

चौकशीसाठी सरकारी अधिकारी येणार, असं कळलं. त्याच्या आदल्या संध्याकाळी मालक दवाखान्यात आला. आई औषधाच्या गुंगीत होती. मालक तिच्या पायथ्याशी उभा राहून मावशीशी आणि माझ्याशी बोलला, नेहमीसारखाच हळू.

"तुमच्या बहिणीला मी वाऱ्यावर सोडणार नाही. बसून करायचं काम देईन. गाठोड्यांना चिठ्ठ्या लावायच्या, एका हाताने होईल असं. तुमचीही नोकरी आहेच. फक्त उगाच प्रकरण वाढायला नको. यंत्र बघायची जबाबदारी मेकॅनिकची, हे तर तुम्हालाही मान्य असेल."

"त्याने सांगितलं होतं," मावशी म्हणाली.

"कुणाला? लेखी आहे काही?" मालक म्हणाला. "टिंबूचं काय हो, तो दिवसभर काहीतरी म्हणतच असतो. कोण मनावर घेतं? तुम्ही घेतलंत?"

मावशी आईच्या अंगावरची चादर सरळ करत राहिली. मी तेव्हा बावीस वर्षांची होते, शाळेच्या कार्यालयात टायपिस्ट म्हणून नुकतीच लागले होते. आमचं घर कशावर चालतं ते मला चांगलं ठाऊक होतं. मालक गेल्यावर मी मावशीला म्हटलं, "आईचं बघायला हवं ना आपल्याला." हे वाक्य माझं आहे. ते मी कुणावर ढकलत नाही.

चौकशी शेडमध्येच झाली. रोलरशेजारी टेबल मांडलं होतं. अधिकारी वयस्कर होता, चष्मा पुसत पुसत बोलणारा. त्याने विचारलं, "यंत्राची देखभाल कुणाकडे?"

"टिंबूकडे," चार-पाच आवाज आले.

"नाव काय त्यांचं?"

कुणालाच सांगता येईना. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मावशीनेही आठवून पाहिलं. नव्हतंच तिच्याकडे ते. शेवटी किटली आत जाऊन हजेरीची वही घेऊन आला आणि बोट लावून नाव वाचलं. अधिकारी म्हणाला, "अकरा वर्षं बरोबर काम करता आणि नाव माहीत नाही?" मागून कुणीतरी खुदकन हसलं.

मग त्याने टिंबूला विचारलं, "स्विच नादुरुस्त आहे, हे तुम्ही कुणाला सांगितलं होतं का?"

टिंबूच्या हाताला पांढरं बँडेज होतं. तो उभा राहिला. "सां-सां—" त्याने डोळे मिटले. "सां—"

"सांगायचं राहिलं, असं म्हणतोय साहेब," किटली म्हणाला.

टिंबूने जोरजोरात मान हलवली. त्याचा चेहरा लाल झाला होता, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या, आणि ओठांतून 'सां' पलीकडे काही निघत नव्हतं. अधिकाऱ्याने त्याच्यापुढे कागद सरकवला. "लिहून द्या." टिंबूने उभ्याउभ्या लिहिलं. अधिकाऱ्याने वाचून दाखवलं: "मी सांगितले होते. सुपरवायझरला सांगितले. रोलरवरच्या बायकांनाही सांगितले."

किटली म्हणाला, "मला तरी नाही बुवा आठवत."

अधिकाऱ्याने बायकांकडे पाहिलं. "कुणी ऐकलंय?" त्या सगळ्या मावशीकडे बघू लागल्या. तोंड तिचं, बोलणारी ती. ती जे बोलेल ते सगळ्यांचं. मग अधिकाऱ्यानेही तिच्याकडे मान वळवली. "बाई, अपघात झाला तेव्हा शेजारी तुम्हीच होतात ना? यांनी असं काही सांगितलेलं तुम्ही ऐकलं होतं?"

टिंबू तिच्याकडे बघत होता. त्याच्या नजरेत विनवणी नव्हती, असं मावशी सांगते. तो फक्त वाट बघत होता. आता ही बोलेल आणि हे मिटेल, अशी खात्री असल्यासारखा.

मावशी म्हणाली, "नाही."

एवढंच. आयुष्यभर तिने हजार लोणकढ्या मारल्या असतील, त्यांतल्या एकीनेही कुणाच्या केसाला धक्का लागला नव्हता. हा दोन अक्षरांचा शब्द तिने जमिनीकडे बघत उच्चारला आणि तो कागदावर गेला. बाकीच्या बायकांनी मूग गिळले. तिने तर खोटं सांगितलं. पण घरी आल्यावर ती म्हणाली, "मूग गिळले मी आज," आणि त्यानंतर दोन दिवस जेवली नाही.

त्याच आठवड्यात टिंबूला काढून टाकलं. त्याच्या निष्काळजीपणाने अपघात झाला, असं कागदोपत्री ठरलं. हत्यारांची पेटी घेऊन तो फाटकातून बाहेर पडत होता तेव्हा पिळण्याच्या यंत्रावरची एक बाई म्हणाली, "मिळाला टिंबूला नारळ." ती सवयीने बोलली, मावशी काहीतरी जोडेल आणि आपण हसू या अपेक्षेने. मावशी चादर ताणत होती. तिने ती तशीच खाली टाकली आणि मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिली. बराच वेळ.

आईला कबूल केल्याप्रमाणे बसून करायचं काम मिळालं. चार महिने ती एका हाताने चिठ्ठ्या लावत होती. पाचव्या महिन्यात किटलीने तिला सांगितलं की तिच्यामुळे गाठोडी उशिरा सुटतात, उद्यापासून येऊ नकोस. मावशी मालकाकडे गेली. मालकाने तिला बसवलं, पाणी दिलं, आणि अगदी हळू आवाजात सांगितलं की त्याने शब्द पाळला होता, चार महिने पाळला होता. त्या दिवशी मावशीने नोकरी सोडली.

दुसऱ्या दिवशी ती चौकशीच्या सरकारी कार्यालयात गेली. मी बरोबर होते. चष्मा पुसणारा अधिकारी निवृत्त झाला होता. खिडकीमागच्या कारकुनाला मावशी म्हणाली, "मला साक्ष बदलायची आहे. मी खोटं बोलले होते." त्याने कपाट उघडून नोंदी पाहिल्या. "फाइल बंद झालीय बाई. मालकाची तक्रार नाही, कामगाराची नाही. आता कशाला शिळ्या कढीला ऊत आणता?" तो काही वाईट माणूस नव्हता. मावशीच्या चेहऱ्याकडे बघून त्याने तिला खुर्ची दिली. ती बसली नाही.

टिंबूचा पत्ता मिळवायला आम्हाला वर्ष लागलं. नाव आता ठाऊक होतं, पण त्या नावाने त्याला ओळखणारं कुणी सापडत नव्हतं. तो गावाच्या दुसऱ्या टोकाला, त्याच्या थोरल्या बहिणीकडे राहत होता. एका चिंचोळ्या जिन्यावरची खोली. बहिणीने दार उघडलं. आम्ही कोण ते ऐकल्यावर ती दारातून बाजूला झाली आणि म्हणाली, "या. पण तो बोलत नाही."

"रागावलेत का?" मावशीने विचारलं.

"राग नव्हे. बोलतच नाही. तिथून आल्यापासून. दोन डॉक्टर झाले, घशात काही दोष नाही म्हणतात. आधी निदान अडखळत तरी बोलायचा."

तो खिडकीशी बसून एक बंद पडलेलं घड्याळ उघडत होता. डाव्या हाताची कातडी कोपरापर्यंत गुळगुळीत, चकाकणारी झाली होती. मावशीने त्याचं नाव घेतलं. खरं नाव, वहीतलं. तो लगेच वळला नाही. आपल्यालाच हाक मारली, हे उमगायला त्याला वेळ लागला. मग त्याने पाहिलं, उठला, आणि बसायला खुर्ची पुढे केली.

मावशी बसली नाही. ती उभ्यानेच सगळं बोलली. मी तिला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं: एकही नाव नाही, गंमत नाही, आडवळण नाही. "तुम्ही सांगितलं होतंत. मी ऐकलं होतं. मी 'नाही' म्हटलं. माझ्यामुळे तुमची नोकरी गेली. त्याआधीही माझ्यामुळेच तुमचं कुणी ऐकत नव्हतं. पहिल्या दिवशी मी ते नाव ठेवलं, म्हणून." अकरा वर्षं ती त्याला अरे-तुरे करत आली होती. त्या दिवशी 'तुम्ही' म्हणताना ती प्रत्येक वेळी थोडी थांबत होती. जणू अडखळत होती.

"काहीतरी बोला," ती शेवटी म्हणाली. "शिव्या द्या मला."

त्याने टेबलावरची वही ओढली, पेन्सिलने काहीतरी लिहिलं आणि वही तिच्याकडे फिरवली. तिच्यावर लिहिलं होतं: 'बहिणीचा हात कसा आहे?'

मीच सांगितलं, बरा आहे, डाव्या हाताने लिहायला शिकतेय. त्याने मान हलवली. मावशीने विचारलं, मी परत लेखी साक्ष दिली तर चालेल का, तुमचं नाव त्यातून निघेल. त्याने पुन्हा वही ओढली. 'राहू द्या.' मग घड्याळाकडे वळला. बहीण आम्हाला जिन्यापर्यंत सोडायला आली. म्हणाली, "पुन्हा नका येऊ. तुम्ही आलात याचं त्याला वाईट वाटणार नाही, पण रात्री झोपणार नाही तो."

आम्ही परत गेलो नाही.

मावशी आता घरातच असते. पूर्वी शेजारच्या बायका संध्याकाळी तिच्याभोवती जमायच्या, तिने कुणाला काय म्हटलं ते ऐकायला. अजूनही कधी कुणी येऊन बसतं, विचारतं, "ताई, नव्या भाडेकरणीला काय नाव ठेवलंत?" मावशी म्हणते, "तिला आहे की नाव." आणि ते सांगते, पूर्ण, आडनावासकट. बाई जरा वेळ बसते आणि उठून जाते. आई म्हणते, घर थंड झालंय. आई मावशीला दोष देत नाही. तिने कधीच दिला नाही, आणि मला वाटतं, त्यामुळेच मावशीला तिच्यासमोर बसवत नाही. दोघी एका खोलीत असल्या की मावशी काहीतरी काम काढून उठते.

त्याने 'राहू द्या' लिहिलं तरी मावशीने राहू दिलं नाही. ती मला सांगत गेली आणि मी टाइप करत गेले. 'दिनांक अमुक रोजी मी दिलेली साक्ष खोटी होती.' पहिलं पत्र त्याच कार्यालयात पाठवलं; उत्तर आलं नाही. दुसरं वरच्या कार्यालयात. तिथून छापील कार्ड आलं, की आपला अर्ज संबंधित विभागाकडे पाठवण्यात आला आहे. तिसऱ्याला पुन्हा तेच कार्ड. चौथ्याला मात्र खरं उत्तर आलं, सहीशिक्क्याचं: सदर लॉन्ड्री बंद झाली असून जागेचा वापर बदललेला आहे, त्यामुळे प्रकरण निकाली काढण्यात येत आहे. मी मुद्दाम जाऊन पाहिलं. शेड पाडलीय. तिथे आता मोटारी उभ्या करतात.

ते उत्तर मी मावशीला वाचून दाखवलं. तिने ऐकून घेतलं, हात पुसले, आणि म्हणाली, "परत लिही."

"काय लिहू?"

"तेच."

मी टाइप केलं. तिने खाली सही केली, प्रत्येक अक्षर सुटं सुटं काढत. पाकीट मी शाळेत नेलं, पेटीत टाकते म्हणून. टाकलं नाही. कुठे पाठवायचं तेच मला कळेना, आणि आणखी एक छापील कार्ड तिच्या हातात द्यायची माझी हिंमत झाली नाही. संध्याकाळी तिने विचारलं, "टाकलंस?"

मी म्हटलं, "हो."

ते पाकीट माझ्या टेबलाच्या खणात आहे. ती रोज जिन्यावर पोस्टमनची चाहूल घेते.